टायटॅनियमचे नाव नको, टिकाऊपणाची हमी हवी

गुडघा वयाने झिजतो, असे आपल्याला सांगितले जाते. हे अर्धेच सत्य आहे. भाताच्या चिखलात दिवसभर वाकून लावणी करणारी बाई, डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणारा तोडणी कामगार, वीटभट्टीवर उकिडवे बसून विटा थापणारे कुटुंब, सिमेंटची पोती वाहणारा हमाल, दहा घरांच्या फरश्या पुसणारी मोलकरीण, यांचे गुडघे कॅलेंडर पाहून झिजत नाहीत. ते कामाने झिजतात. सतत उकिडवे बसणे, गुडघे टेकणे आणि ओझे उचलणे यांमुळे गुडघ्याच्या संधिवाताचा धोका वाढतो, हे वैद्यकशास्त्राने मान्य केले आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांना हा आजार अधिक होतो, हेही मान्य आहे. या देशात ओझे कोणी उचलायचे आणि उकिडवे कोणी बसायचे हे कशावरून ठरले, ते आमच्या वाचकाला वेगळे सांगण्याची गरज नाही.

असे असूनही कृत्रिम गुडघ्याची चर्चा निघते तेव्हा ती निवृत्त साहेबांच्या सकाळच्या फिरण्याभोवती फिरते. कष्टकरी माणसाचा गुडघा त्या चर्चेत नसतो. म्हणून आज आम्ही हा विषय हाती घेतला आहे. विषय तांत्रिक आहे, धातूचा आहे, कारखान्याचा आहे. पण जे तांत्रिक ते आपले नव्हे, ही समजूतच आपल्याला महाग पडत आली आहे.

मूळ प्रश्न साधा आहे. बसवलेला कृत्रिम गुडघा किती वर्षे टिकणार? ज्याच्याकडे विमा आहे, बँकेत शिल्लक आहे, त्याच्या दृष्टीने हा सोयीचा प्रश्न आहे. पंधरा वर्षांनी सांधा सैल झाला तर तो दुसरी शस्त्रक्रिया करून घेईल. मजुराच्या घरात ही शस्त्रक्रिया आयुष्यात एकदाच होते. तीही कर्ज काढून, दागिना मोडून किंवा सरकारी योजनेची मंजुरी मिळाली तर. त्यात दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा अवघड. जुना सांधा काढताना हाड जाते, मोठा आणि लांब दांड्याचा सांधा घालावा लागतो, जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. सरकारचेच आकडे पाहा. १६ ऑगस्ट २०१७ रोजी राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली, तेव्हा नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची कमाल किंमत कर वगळून ५४,७२० रुपये ठरली, तर दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या सांध्याची १,१३,९५० रुपये. म्हणजे दुपटीहून अधिक, आणि हा फक्त सांध्याचा भाव. रुग्णालयाचा खर्च निराळा. तेव्हा गरिबासाठी सांध्याचे आयुष्य हीच त्याची खरी किंमत आहे.

त्या निर्णयाचे आम्ही स्वागतच करतो. त्याआधी कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा रुग्णाला सरासरी दीड लाखाच्या वर पडत होता. टायटॅनियम किंवा ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियम अशा ‘विशेष धातूं’चा सांधा अडीच लाखांच्या घरात होता, तो ७६,६०० रुपयांवर आला. मधल्या साखळीत किती नफा मुरत होता, हे त्या एका आदेशाने उघडे पडले. पण आदेशाने किंमत बांधली, आयुष्य बांधले नाही. स्वस्त झालेली वस्तू टिकाऊ आहे की नाही, हा लढ्याचा उरलेला अर्धा भाग आहे. तो लढायचा तर आधी ही वस्तू समजून घ्यावी लागेल.

कृत्रिम गुडघ्याचे मुख्य भाग तीन. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकावर धातूची गोलाकार टोपी बसते. नडगीच्या हाडाच्या वरच्या टोकावर धातूची सपाट तबकडी बसते. या दोहोंमध्ये पॉलिथिलीन या टणक प्लास्टिकची गादी असते, आणि धातूची टोपी या गादीवर सरकते. काही रुग्णांत गुडघ्याच्या वाटीच्या मागेही प्लास्टिकची चकती लावतात. चालताना या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट भार येतो, जिना चढता-उतरताना त्याहून जास्त. साधारण माणसाची वर्षाला दहा लाख पावले धरली तरी वीस वर्षांत दोन कोटी वेळा हा भार येतो आणि जातो. एवढे सोसणारी वस्तू बनवणे हे लहान काम नाही.

आता टायटॅनियमकडे येऊ. स्वीडनचे संशोधक पेर-इंगवार ब्रेनेमार्क यांनी १९५२ मध्ये सशांच्या पायाच्या हाडात टायटॅनियमचे छोटे उपकरण बसवले होते. हाडातील रक्ताभिसरण पाहणे एवढाच हेतू होता. प्रयोगानंतर ते उपकरण काढायला गेले तर निघेना. हाड त्याला चिकटून वाढले होते. हाड आणि टायटॅनियम यांची ही सोयरीक पुढे दातांच्या आणि सांध्यांच्या शस्त्रक्रियेचा पाया बनली. याचे कारण पृष्ठभागात आहे. टायटॅनियमला हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर आपोआप तयार होतो. हा थर शरीराच्या खारट द्रवात धातूला गंजू देत नाही, ओरखडा पडला तर पुन्हा तयार होतो, आणि हाडाच्या पेशींना तो परका वाटत नाही.

दुसरा गुण वजनाचा आणि ताठरपणाचा. सांध्यांत वापरतात ते टायटॅनियमचे मिश्रधातू. त्यातील सर्वांत प्रचलित मिश्रणात ६ टक्के अ‍ॅल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असते. कोबाल्ट-क्रोमियमच्या तुलनेत त्याचे वजन निम्म्याच्या आसपास आणि ताठरपणाही निम्म्याच्या आसपास. हा कमी ताठरपणा फायद्याचा आहे. हाडाला भार मिळाला तर ते भक्कम राहते, भार मिळाला नाही तर विरळ होते, हा नियम जर्मन शल्यविशारद युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्येच मांडला. अति ताठर धातू सगळा भार स्वतःवर घेतो, शेजारचे हाड रिकामे बसते आणि झिजते; मग सांधा सैल होतो. टायटॅनियम हाडापेक्षा बराच ताठर असला तरी कोबाल्ट-क्रोमियमपेक्षा हाडाला जवळचा आहे. म्हणून नडगीवरची तबकडी बहुधा टायटॅनियमची करतात.

मग वरची टोपीही टायटॅनियमची का करत नाहीत? कारण टायटॅनियम घासणे सोसत नाही. १९८० च्या दशकात परदेशात तसे सांधे बनवले गेले. प्लास्टिकवर घासून टायटॅनियमच्या पृष्ठभागावर चरे पडले, धातूचे काळे कण सांध्यात पसरले, आसपासचे मांस काळे पडले, आणि रुग्णांना पुन्हा टेबलावर घ्यावे लागले. जो धातू हाडाशी मैत्री करतो, तोच उघड्या अंगाने घर्षणाला उभा राहू शकत नाही. म्हणून घासणारी टोपी कोबाल्ट-क्रोमियमची आणि हाडात रुतणारी तबकडी टायटॅनियमची, अशी वाटणी रूढ झाली. ‘टायटॅनियमचा गुडघा’ असे कोणी सांगितले की पहिला प्रश्न हाच विचारावा : नेमका कोणता भाग टायटॅनियमचा? आणि घासणारा भाग तसा असेल तर त्याच्या पृष्ठभागावर कोणती प्रक्रिया केली आहे?

टिकाऊपणाची पहिली परीक्षा कारखान्यात होते. धातूचे नाव एकच असले तरी घडवण्याच्या रीतीने जमीन-अस्मानाचा फरक पडतो. टायटॅनियम तापला की हवेतला ऑक्सिजन अधाशासारखा ओढून घेतो आणि त्याच्या कातडीवर ठिसूळ थर बनतो. तो थर आम्लाने किंवा यंत्राने पूर्ण काढला नाही, तर तिथूनच बारीक तडा सुरू होतो. म्हणून टायटॅनियम निर्वात भट्टीत वितळवावा लागतो. ओतीव भागात आत बारीक पोकळ्या राहू शकतात. दाबून, ठोकून घडवलेला भाग त्याहून भक्कम असतो. पोकळ्या बुजवण्यासाठी भाग अरगॉन वायूच्या प्रचंड दाबाखाली सुमारे ९०० अंश सेल्सिअसला ठेवतात. हे सगळे खर्चाचे आहे आणि बाहेरून काहीच दिसत नाही. चकाकणाऱ्या सांध्यात कोणती पायरी गाळली, हे डॉक्टरलाही डोळ्यांनी कळत नाही. ते कळते दहा वर्षांनी, तबकडीला तडा गेल्यावर. लोखंडी तार एका वाकवण्याने तुटत नाही, पुन्हा पुन्हा वाकवल्याने तुटते. धातूचा हा थकवाच सांध्याचा शत्रू आहे. त्यासाठी तबकडीवर ९०० न्यूटनचा भार एक कोटी वेळा देऊन पाहण्याची आंतरराष्ट्रीय चाचणी ठरलेली आहे.

अलीकडे टायटॅनियमची भुकटी पसरून, लेसर किंवा इलेक्ट्रॉनच्या झोताने थरावर थर वितळवून सांधे ‘छापले’ जातात. याचा मोठा फायदा असा की स्पंजासारखी जाळी एकाच तुकड्यात घडवता येते. वर घन धातू, खाली हाडाला रुतायला छिद्रे. या छिद्रांत हाड वाढून शिरले तर बोन सिमेंटची गरज राहत नाही. तरुण आणि कष्टाचे काम करणाऱ्या रुग्णासाठी ही आशेची गोष्ट आहे, कारण सिमेंटची पकड सुटणे हे सांधा सैल होण्याचे एक कारण आहे. पण इथेही छापून झाल्यावरचे काम महत्त्वाचे : छिद्रांत अडकलेली सुटी भुकटी पूर्ण काढणे, उष्णतेची प्रक्रिया करणे, आतल्या पोकळ्या बुजवणे. ते टाळले तर नव्या यंत्रातून जुनाच कच्चा माल बाहेर पडेल.

दुसरी परीक्षा पृष्ठभागाची. एकाच सांध्याला दोन उलट स्वभावाचे पृष्ठभाग लागतात. हाडाकडची बाजू खडबडीत हवी, म्हणजे हाड पकड घेईल. तिथे प्लाझ्माच्या फवाऱ्याने टायटॅनियमचा खरखरीत थर देतात, किंवा हाडातच असणाऱ्या हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट या खनिजाचा लेप देतात. घासणारी बाजू मात्र आरशासारखी गुळगुळीत आणि कठीण हवी. त्यासाठी एक मार्ग टायटॅनियम नायट्राइडच्या सोनेरी लेपाचा. हा लेप फार कठीण असतो, पण जाडी काही मायक्रॉनचीच. तळ्याच्या चिखलावर वाळलेली पापुद्री पाय पडताच मोडते. मऊ धातूवर कठीण पातळ लेपाची तीच गत होऊ शकते. लेप सुटला तर त्याचेच कण वाळूसारखे सांध्यात घासतात. म्हणून दुसरा मार्ग असा की लेप वरून चढवण्याऐवजी नायट्रोजन धातूच्या आत मुरवायचा, म्हणजे कठीणपणा वरून आत हळूहळू कमी होत जातो आणि पापुद्रा सुटायला जागा राहत नाही. मात्र फार तापमानाला हे केले तर धातूची थकवा सोसण्याची ताकद घटते. एका हाताने मिळवायचे आणि दुसऱ्या हाताने गमवायचे नाही, हेच या शास्त्राचे कसब आहे. झिर्कोनियमच्या मिश्रधातूला हवेत तापवून त्याचाच पृष्ठभाग काळ्या सिरॅमिकमध्ये बदलण्याची युक्ती १९९७ पासून गुडघ्यांत वापरात आहे. वरून चिकटवलेल्यापेक्षा आतून वाढलेला थर अधिक भरवशाचा, हा त्यातला धडा.

प्लास्टिकच्या गादीला विसरून चालणार नाही, कारण झीज मुख्यतः तिची होते. तिचे सूक्ष्म कण हाडाच्या कडेला साचतात, शरीराच्या संरक्षक पेशी त्यांच्यावर तुटून पडतात, आणि त्या लढाईत हाडच खाल्ले जाते. एके काळी या गाद्या हवाबंद नसलेल्या पाकिटात गॅमा किरणांनी निर्जंतुक केल्या जात. किरणांनी आणि हवेतल्या ऑक्सिजनने मिळून प्लास्टिक पाकिटातच ठिसूळ होई, आणि रुग्णाच्या गुडघ्यात गेल्यावर त्याचे पापुद्रे सुटत. १९९० च्या दशकात हे लक्षात आले तेव्हा पाकिटातून हवा काढली गेली. चूक धातूची नव्हती, डॉक्टरची नव्हती, पाकिटाची होती. भोगले रुग्णांनी.

आता जाहिरातींकडे पाहू. ‘सोनेरी गुडघा’ म्हणून जो विकला जातो, तो बहुधा कोबाल्ट-क्रोमियमवर टायटॅनियम नायट्राइडचा किंवा तशाच संयुगाचा लेप दिलेला असतो. धातूची अ‍ॅलर्जी असलेल्या रुग्णाला त्याचा उपयोग असू शकतो. पण तो सर्वांच्याच गुडघ्यात हमखास जास्त वर्षे टिकतो, असे आजवरच्या अभ्यासांत ठामपणे दिसलेले नाही. प्रयोगशाळेतल्या यंत्रावर पन्नास लाख फेऱ्या काढल्या म्हणून ‘तीस वर्षे चालेल’ असे म्हणणे ही दुकानदारी आहे.

मग खरे उत्तर कुठे मिळते? नोंदवहीत. स्वीडनने १९७५ मध्ये गुडघ्यांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. कोणाला, कोणता सांधा, कधी बसवला आणि तो कधी काढावा लागला, एवढीच नोंद. फिनलंड आणि ऑस्ट्रेलियाच्या अशाच नोंदींवरून २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले की संपूर्ण बदललेले सुमारे ८२ टक्के गुडघे २५ वर्षे टिकतात. आशादायक आकडा आहे. पण त्याच नियतकालिकातील २०१७ च्या ब्रिटनमधील अभ्यासाने दुसरी बाजू दाखवली : सत्तरीनंतर सांधा बसवलेल्यांत पुन्हा शस्त्रक्रियेचा आजीवन धोका सुमारे ५ टक्के, तर पन्नाशीच्या सुरुवातीला बसवलेल्या पुरुषांत तो ३५ टक्क्यांपर्यंत. कष्टाने ज्याचा गुडघा पन्नाशीतच गेला, त्याची गणती कोणत्या आकड्यात होईल? शिवाय हे गुडघे खुर्चीवर बसणाऱ्या देशांचे आहेत. जमिनीवर जेवणाऱ्या, उकिडवे बसून शौचाला जाणाऱ्या, शेतात खुरपणाऱ्या माणसाचा गुडघा त्यापेक्षा खूप अधिक वाकतो आणि गादीच्या मागच्या कडेवर भार टाकतो. त्याचे उत्तर आपल्याच देशाच्या नोंदीतून मिळेल.

नोंद नसली की काय होते, याचे उदाहरण खुब्याच्या सांध्याचे आहे. जॉन्सन अँड जॉन्सन समूहातील डीप्यू कंपनीचा ‘एएसआर’ हा धातूवर धातू घासणारा सांधा. ऑस्ट्रेलियाच्या नोंदवहीत तो लवकर निकामी होत असल्याचे दिसले आणि २००९ मध्ये तिथे तो मागे घेतला गेला. जगभरातून ऑगस्ट २०१० मध्ये. भारतात अशा सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या. केंद्र सरकारने तज्ज्ञ समिती नेमली २०१७ मध्ये, भरपाईचे सूत्र ठरले २०१८ मध्ये, आणि तोवर बहुसंख्य रुग्णांचा पत्ताच लागत नव्हता. ज्यांची नोंद नाही त्यांना न्याय नाही. हे वाक्य आपल्या समाजाला नवीन नाही.

या देशात हे सांधे चांगले बनू शकत नाहीत काय? टायटॅनियमचे खनिज इल्मेनाइट केरळच्या चवऱ्यापासून आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यापर्यंतच्या काळ्या वाळूत आहे. चवऱ्याच्या सरकारी कारखान्यात २०११ पासून टायटॅनियम स्पंज तयार होऊ लागला. हैदराबादची सरकारी मिश्र धातू निगम, म्हणजे ‘मिधानी’, शरीरात बसवण्याच्या टायटॅनियमचे मिश्रधातू बनवते. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या चमूने हृदयाची कृत्रिम झडप बनवली, तेव्हा आधीचे नमुने चाचण्यांत नापास झाले. ते विकले गेले नाहीत, फेकले गेले. चौथा उतरला आणि डिसेंबर १९९० मध्ये तो पहिल्या रुग्णात बसला. जयपूर फूटची गोष्टही अशीच. १९६८ मध्ये डॉ. सेठी यांच्या ज्ञानाला रामचंद्र शर्मा या कारागिराच्या हातांची जोड मिळाली, आणि उकिडवे बसता येईल, चिखलात चालता येईल असा पाय तयार झाला. पाय कोणासाठी बनवायचा हे आधी ठरले, म्हणून तो तसा बनला.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. सरकारी पैशातून बसवल्या जाणाऱ्या प्रत्येक सांध्याची राष्ट्रीय नोंदवहीत सक्तीची नोंद व्हावी. सरकारी खरेदीत फक्त कमी भाव पाहू नये. घडवण्याची रीत, पृष्ठभागाची प्रक्रिया आणि थकव्याच्या व झिजेच्या चाचण्यांचे निकाल मागावेत आणि ते लोकांसमोर ठेवावेत. सार्वजनिक प्रयोगशाळांनी खोल वाकणाऱ्या गुडघ्याची चाचणी आपल्या माणसांच्या बसण्या-उठण्यावरून ठरवावी.

आणि आपण काय करायचे? २०१७ च्या आदेशाने रुग्णालयावर बंधन घातले की बिलात सांध्याची किंमत वेगळी दाखवावी. कंपनी, ब्रँड आणि बॅच क्रमांक लिहावा. ते बिल मागून घ्या. सांध्याच्या पाकिटावरचे स्टिकर केसपेपरवर चिकटवलेले असते, त्याची प्रत घ्या आणि रेशनकार्डासारखी जपून ठेवा. उद्या तो सांधा सदोष निघाला तर तोच तुमचा पुरावा. वस्तीतल्या कार्यकर्त्यांनी मोर्चाच्या निवेदनाइतक्याच तत्परतेने हे कागद गोळा करून द्यावेत.

आपल्या मुलामुलींनी डॉक्टर व्हावे, असे प्रत्येक घराला वाटते. ते झालेच पाहिजेत. पण धातुशास्त्राकडेही त्यांनी वळावे. नागपूरच्या व्हीएनआयटीत, पुण्याच्या सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठात, मुंबईच्या आयआयटीत हा विषय शिकवला जातो. चाचणीचे यंत्र कोणत्या गुडघ्यासाठी लावायचे हे ठरवणाऱ्या टेबलाशी, जिची आई वीटभट्टीवर उकिडवी बसली आहे अशी मुलगी बसली पाहिजे. सांधा किती वाकला पाहिजे आणि किती वर्षे टिकला पाहिजे, हे तिला कोणी समजावून सांगावे लागणार नाही.